पाखऱ्याची निळी बाजू

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बैल रंगवला नाही. मी मोटारसायकल रंगवत होतो आणि बैल मध्ये आला. खरं तर तोही मध्ये आला नाही, तो बिचारा त्याच्या जागेवर उभा होता. पण आमच्या गावात कुणालाही विचारा, "सोमेश्वर क्लार्क कोणते हो?" की उत्तर येतं, "त्येच न्हाई का, बैल रंगवणारे!" बावीस वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही, एक ठपका नाही, आणि शेवटी ओळख ही! मला अजून तो धक्का पचलेला नाही.

झालं असं, की मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक माणूस अठरा मिनिटांत स्प्रेच्या डब्यांनी अख्खी मोटारसायकल रंगवतो, तीसुद्धा पांढरा शर्ट घालून, आणि शर्टाला एक डाग नाही. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती. आली नाही. आमची गाडी अकरा वर्षांची, मूळची काळी, पण उन्हानं विटून जुन्या छत्रीच्या रंगाची झालेली. पाटोद्याच्या बाजारातून मी चमकदार निळ्या रंगाचे चार डबे आणले आणि पिशवी दारात ठेवायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं.

"काळी हाय ती बरी हाय की," शेजारचा बंकट भिंतीवरून म्हणाला. "काळ्या गाडीला कुणाची नजर लागत न्हाई."

समोरचे सुंदरराव हे माजी सरपंच. पद जाऊन दोन निवडणुका झाल्या, पण सल्ला द्यायची सवय गेलेली नाही. ते म्हणाले, "आरसीवर काळी अन् रस्त्यावर निळी, म्हंजी पोलिसाच्या हिशेबानं गाडी चोरीची. इच्यारून घ्या."

आता मी पडलो नियमाचा माणूस. रजा टाकून जिल्ह्याला गेलो. एका खिडकीवर सांगितलं, आधी रंग द्या, मग गाडी दाखवायला आणा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, परवानगीशिवाय रंग दिला तर कारवाई होईल. मी दोन्ही खिडक्यांच्या मधे उभा राहून अर्ज लिहिला, दुय्यम प्रतीवर पोच घेतली आणि परत आलो. पोच मिळाली की माझ्या मनाला शांती मिळते. पुढे काही घडो न घडो.

इथं बंकटच्या बैलांबद्दल सांगणं भाग आहे. त्याची जोडी पाखऱ्या आणि हरण्या. हरण्या तांबूस, आणि पाखऱ्या असा पांढराशुभ्र की कपाळाला हात लावायच्या आधी माणूस आपला हात बघेल. आमच्या गावात पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जाणार, याची पाळी लागलेली आहे. एकवीस घरं, वर्षाला एक घर. यंदा बंकटचं घर होतं. मागच्या पाळीला दुष्काळ पडला, बैल छावणीत होते, पाळी तशीच गेली. बंकटची आई ताराबाई, म्हणजे आमच्या काकू, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. अख्खा श्रावण त्या दारात येईल त्याला सांगत होत्या, "पुढली पाळी यीस्तवर मी कशाला बसती? या साली माझे बैल तोरणाखालून पयले गेले की बास." जोडी गेली नाही तर पाळी पुढच्या घराला. पुढचं घर सुंदररावांचं.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी रंगवायला नेमका पोळ्याच्या आदला दिवस धरला, कारण रविवार होता आणि आठ दिवसांची भुरभुर थांबून लख्ख ऊन पडलं होतं. सत्यशीला, म्हणजे आमची ही, म्हणाली, "एक करा, स्वयंपाकघराच्या खिडकीकडं फवारा मारू नका." मी गाडी फिरवली आणि तोंड बंकटच्या भिंतीकडं केलं. म्हणजे बारकाईनं चौकशी झाली, तर जबाबदारी माझ्या एकट्याची ठरत नाही.

पॉलिश पेपरनं गाडी घासली. तोंडाला कोरोनाच्या काळातला मास्क बांधला. डोळ्यांत रंग जाऊ नये म्हणून डोक्यावर हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली. आणि खोटं कशाला बोलू, टाकी अशी रंगली की मी स्वतःशीच वा वा म्हणालो. निळी, गुळगुळीत, त्यात मला माझं हेल्मेट दिसत होतं. एवढं देखणं काम माझ्या हातून जन्मात झालेलं नव्हतं.

दुसऱ्या डब्याचं तोंड चोंदलं. दाबतोय, दाबतोय, रंग यायचं नाव नाही. मी सत्यशीलेची केसांची पिन घेतली, डब्याच्या तोंडात घातली आणि जरा फिरवली. फट्ट आवाज झाला, डब्याचं टोपण उडून कुठं गेलं ते आजपर्यंत सापडलेलं नाही, आणि आतला सगळा रंग शिंतोडे उडवत बाहेर! माझ्या मनात एकच विचार, टाकीवर थेंब पडता कामा नये. मी डबा झटक्यात भिंतीवर धरला आणि तोंड पलीकडं केलं. डबा रिकामा होईपर्यंत धरून ठेवला. टाकी वाचली. या प्रसंगावधानाचा मला साधारण अर्धं मिनिट अभिमान वाटला.

हेल्मेटची काच वाफेनं धुरकटली होती. भिंतीपलीकडं काहीतरी पांढरं-निळं दिसत होतं. मला वाटलं, बंकटनं पोळ्यासाठी नवी झूल आणली. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "बंकट, झूल झकास हाय रे!" तेवढ्यात झुलीनं कान हलवला.

मी काच वर केली. कानापासून शेपटीपर्यंत, पाखऱ्याची माझ्याकडची सगळी बाजू निळ्या ठिपक्यांनी भरली होती. चमकत होती. त्याला नुकतीच अंघोळ घातलेली, ऊन लागावं म्हणून भिंतीलगत बांधलेला. तो माझ्याकडं बघत रवंथ करत होता. आणि माझ्या हातात रिकामा डबा.

त्याच वेळी ताराकाकू हळद आणि लोण्याची वाटी घेऊन बाहेर आल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळायचे असतात, त्याची तयारी. त्यांनी बैलाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत बैलाकडं.

"सोमेश्वरा," त्या म्हणाल्या, "ह्ये काय केलंस रं?"

त्या ओरडल्या असत्या तर मी काही खुलासा केला असता. खुलासा करण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. पण त्या ओरडल्याच नाहीत.

मग गल्ली जमली. रॉकेल लावा. पेट्रोल लावा. दही चोळा. एक जण म्हणाला, वाळू द्या, मग घासणीनं घासा. बैल म्हणजे कढई आहे का? सत्यशीला धावत जाऊन नखांचा रंग काढायची बाटली घेऊन आली. एवढीशी बाटली अन् तेवढा मोठा बैल! तिनं कापूस भिजवून एक ठिपका पुसला, तर तो हातभर लांब झाला. मी गोडेतेल लावून बघितलं. तोवर जे ठिपके होते त्यांचे आता पट्टे झाले. पाखऱ्यानं इतका वेळ सगळं सोसलं, पण त्या बाटलीचा वास नाकात गेला आणि त्यानं एक लाथ बादलीला आणि एक माझ्या नडगीला मारली. मला ती लाथ योग्यच वाटली.

बंकट हरण्याला नदीवर धुवायला घेऊन गेला होता. तो आला, दारात थांबला, हरण्याचा कासरा हातातून गळून पडला.

"शिव्या दे बे बंकट," मी म्हणालो. "मोकळा हो."

"तुमाला काय शिव्या द्यायच्या?" तो म्हणाला आणि ओट्यावर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. एरवी मला 'बे' म्हणणारा माणूस, त्याचं ते 'तुमाला' मला नडगीपेक्षा जास्त लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बंकटनं रंगीत बैल तसाच नेला असता. पोळ्याला लोक शिंगं रंगवतात, अंगावर ठसे उठवतात, कुणी काही म्हटलं नसतं. पण सुंदररावांनी भिंतीआडून फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बंकटच्या बैलाला निळा लंपी रोग. नवीन प्रकार दिसतो. सर्वांनी आपापली जनावरे दूर ठेवावीत.' आणि धक्का बसावा असं घडलं. रविवार असूनसुद्धा पाऊण तासात सरकारी माणूस हजर!

हा हरिओम. पशुधन पर्यवेक्षक, आमच्याच पशुसंवर्धन कार्यालयातला, माझ्यापासून तिसऱ्या टेबलावर बसतो. त्यानं बैलाच्या अंगावरून नख ओढलं, नखाला निळा रंग आला. वास घेतला.

"सर, हा तर गाडीचा रंग आहे."

"तेच म्हणतोय मी केव्हाचा! लिही तसं."

हरिओमनं बॅगेतून कागद काढला. "पण सर, परिपत्रक बघा ना." आणि त्यानं सगळ्या गल्लीसमोर मोठ्यानं वाचलं, "'जनावराच्या अंगावर गाठी, व्रण अथवा कोणत्याही रंगाचे, कोणत्याही कारणाने पडलेले डाग आढळल्यास सदर जनावर बाधित समजून गोठ्यातच बांधून ठेवावे व पोळ्याच्या मिरवणुकीत आणू नये.'"

"कोणत्याही कारणाने?" बंकट भिंतीकडचं तोंड फिरवून म्हणाला. "कोणत्या शहाण्यानं लिवलंय ह्ये?"

हरिओमनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

मी लिहिलं होतं. मूळ मसुद्यात फक्त गाठी आणि व्रण होते. मी म्हटलं, त्यात पळवाट राहील. म्हणून 'कोणत्याही रंगाचे' घातलं, आणि मग हात मोकळा आहेच तर 'कोणत्याही कारणाने'ही घातलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. म्हणाले होते, सोमेश्वर, तुमच्या कागदातून मुंगीसुद्धा निसटायची नाही. मुंगीचं माहीत नाही, बैल अडकला.

"मला कळतंय सर, हा रंग आहे," हरिओम हळू आवाजात म्हणाला. "पण ग्रुपवर फोटो गेलाय, वरून फोन आलाय. नमुना पाठवतो. आठ-दहा दिवसांत अहवाल येईल."

"अन् पोळा उद्या हाय!" बंकट ओरडला. "मंग हरण्याचं काय? त्योबी घरीच?"

हरिओमनं परिपत्रक उलटसुलट करून बघितलं. "शेजारी बांधलेल्या जनावराचं यात काहीच नाही."

"ते लिहायचं राहिलं," मी म्हणालो. बावीस वर्षांत स्वतःच्या हलगर्जीपणाचा मला पहिल्यांदाच आनंद झाला. पण एकट्या हरण्याचा काय उपयोग? मान जोडीचा. आणि जोडी स्वतःच्या दावणीची लागते, दुसऱ्याचा बैल आणून चालत नाही.

दिवस मावळताना काकूंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले. निळ्या रंगावर हळद लोणी चढवताना त्या पाखऱ्याशी काहीतरी बोलत होत्या. मग भिंतीपाशी आल्या.

"मला आता पुढली पाळी दिसायची न्हाई. येवढं तुला कळतंय ना?"

"कळतंय, काकू." मी म्हणालो. "मला लई वाईट वाटतंय. तुमी सांगाल ते करतो."

"मंग सकाळी आंघोळ करून गाडी माझ्या गोठ्यात आणून लाव."

मला वाटलं, जप्ती. सकाळी अंघोळ करून गाडी गोठ्यात नेली. टाकी निळी, बाकीचा सांगाडा घासून पांढुरका पडलेला, असं ते ध्यान. काकूंनी ती हरण्याच्या शेजारी उभी करायला लावली, हँडलला दावं बांधलं, वैरणीची पेंडी पुढं टाकली आणि आरशांना बेगड चिकटवली. मी सत्यशीलेला घरी येऊन सांगितलं, धक्क्यानं म्हातारीचं काहीतरी झालंय. ती म्हणाली, "तुम्हाला काय झालं नाही ना, मग गप बसा."

चार वाजता सगळं गाव वेशीत. हलग्या वाजत होत्या, नटलेल्या जोड्या रांगेत. सगळ्यात पुढं बंकट, एकट्या हरण्याला धरून, मान खाली घालून. सुंदरराव त्यांची जोडी घेऊन बरोबर त्याच्या मागं, म्हणजे एक पाऊल टाकलं की पहिले.

"एका बैलाला मान न्हाई," सुंदरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला वाईट वाटतंय, पर रीत ती रीत. सरक बंकट."

"कावून सरकंल?" मागून आवाज आला. ताराकाकू, नवं लुगडं नेसून, कमरेवर हात. "जोडी हाय आमची. सोमेश्वरा, आण!"

काकूंच्या सांगण्यावरून वेशीजवळच्या भिंतीआड आणून लावलेली गाडी मी ढकलत आणली. तिच्यावर पाखऱ्याची झूल, हँडलवर गोंडे, पुढच्या दिव्याला कुंकू. हलगी आपोआप थांबली.

"ह्ये बैल हाय?" सुंदररावांना हसू आवरेना.

"गेल्या साली तुझा बैल आजारी होता, तवा तू ट्रॅक्टर आणलता का न्हाई तोरणाखाली? पुरणपोळी दाखवलीस का न्हाई त्येला? तुझा ट्रॅक्टर चालतो अन् माझी फटफटी कावून न्हाई?"

गाव हसायला लागलं. सुंदररावांचं हसू गेलं. पण माणूस दोन वेळचा सरपंच, असा थोडाच ऐकणार? "ट्रॅक्टर माझा सोताचा होता, काकू. जोडी सोताच्या दावणीची लागती. ही गाडी तर क्लार्कची हाय."

"सकाळधरनं माझ्या दावणीला हाय."

"दावणीला बांधली म्हणून तुमची झाली व्हय? क्लार्क, तुमीच सांगा. गाडी कुणाची?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी आयुष्यात तोंडी उत्तर दिलेलं नाही. कुणी वेळ विचारली तरी मी म्हणतो, बघून सांगतो. गाडी माझ्या नावावर, आरसी माझ्या खिशात, अर्जाची पोच माझ्या खिशात. ती टाकी, ती निळी, गुळगुळीत टाकी माझी. मी काकूंकडं बघितलं. त्यांनी कमरेवरचे हात काढले होते आणि पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"काकूंची," मी म्हणालो. "आजपासून काकूंची."

"कागद?"

"कागद मागाहून येतो!" मी ओरडलो. हे वाक्य मी बावीस वर्षं लोकांना कधी म्हणू दिलेलं नाही. माझ्याच कानावर माझा विश्वास बसेना.

हलगी परत सुरू झाली. इंजिन चालू करायची सोय नव्हती, हरण्या बुजला असता. म्हणजे गाडी ढकलायची. आणि हरण्याच्या चालीनं ढकलायची, कारण जोडी बरोबरीनं जायला पाहिजे. मी वाकलो. निदान चेहरा तरी झाकावा म्हणून झुलीचं टोक डोक्यावर ओढून घेतलं. त्यानं झालं असं, की झुलीखालून फक्त माझे दोन पाय दिसत होते, आणि लोक म्हणत होते, "चाल बरी हाय!" तोरणाखाली थांबवलं. आमच्याकडं तिथं बैलांच्या लग्नाची मंगलाष्टकं म्हणतात. सगळी म्हटली. मी वाकलेलाच. अक्षता मानेतून आत गेल्या. एक सरकारी कर्मचारी, गट क, झुलीखाली उभा राहून स्वतःवर पडणाऱ्या अक्षता झेलतोय, हे माझ्या सेवापुस्तकात कुठं नोंदवायचं? मग बंकटनं कासरा ओढला. हरण्या निघाला, मी निघालो, आणि त्या तोरणाखालून पहिले आम्ही गेलो.

पलीकडं ताराकाकू उभ्या होत्या. पदर तोंडावर धरून हमसाहमशी रडत होत्या. "ग्येली," म्हणत होत्या, "माझी जोडी ग्येली बघा." बंकट माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई जड हाय का बे?" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

घरी आलो. दारात ओवाळायचं ताट तयार होतं. काकूंनी हरण्याच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. मग गाडीच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, टाकीला हळद-कुंकू लावलं. मी कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचा प्रयत्न करत होतो, तोवर त्या माझ्यापुढं आल्या. माझ्या पायांवर पाणी घातलं. मी दचकून मागं सरलो, "अहो काकू, हे काय!" त्यांनी ऐकलं नाही. कपाळाला कुंकू लावलं, तूप लावलेल्या पुरणपोळीचा घास माझ्या तोंडात कोंबला आणि मानेवरून हात फिरवला.

"अठ्ठ्याहत्तर वर्सात लई बैल बघितले," त्या म्हणाल्या, "पर इतका गरीब न्हाई बघितला. वाकला की वाकलाच. जू न्हाई, चाबूक न्हाई."

माझ्या तोंडात घास होता, म्हणून मला खुलासा करता आला नाही. सत्यशीला ताटातला दिवा सांभाळत शेजारी उभी होती.

"मला इचारा की काकू," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली, आमच्याच दावणीला हाय."